पंचावन्नाव्या वर्षी ओलांडलेली खिंड

आमच्या बचत गटातल्या एक मावशी गेल्या दोन वर्षांपासून एकच धोशा लावून बसल्या आहेत, केदारनाथला जायचं. वय पंचावन्न. हळदीच्या हंगामात दिवसभर हळद वेचायला, निवडायला जातात. नवरा वारला, मुलं कर्ती झाली. पैशाची जुळवाजुळवही थोडीफार होईल. पण घरात विषय काढला की सगळे एका सुरात म्हणतात की आता या वयात कुठं डोंगर चढायला निघालीस! सुना हसतात, लेक काळजी करते, मुलगा विषय बदलतो. मावशीही मग चहाचं आधण ठेवतात आणि गप्प बसतात.

मैत्रिणींनो, खरं सांगू का, मीही त्यांना आधी हेच म्हटलं होतं. आपला हिंगोली जिल्हा तसा सपाटीचा. बर्फ म्हटला की रसवंतीच्या गाड्यावरचा, गोणपाटात गुंडाळलेला. थंडी म्हटली की शेकोटी पेटवण्यापुरती. केदारनाथ सुमारे ११,७५० फूट उंचीवर, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. गौरीकुंडापासून साधारण १६ किलोमीटरची चढण. मावशींच्या गुडघ्यांचं काय होणार, ही काळजी मलाही होती.

पण नंतर एका बाईचं चरित्र माझ्या वाचनात आलं आणि मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली. तिची गोष्ट मी गटाच्या बैठकीत सांगितली. एका बैठकीत संपली नाही, म्हणून तीन बैठका चालली. तीच आज तुम्हाला सांगते. बाई परदेशातली आहे, पण ऐकता ऐकता आम्हाला इतकी घरातली वाटायला लागली की तिच्याबद्दल एकेरीतच लिहिते.

तिचं नाव अलेक्झांड्रा डेव्हिड-नील. जन्म २४ ऑक्टोबर १८६८, पॅरिसजवळच्या सँ-मांदे या गावी. वडील शिक्षक आणि पत्रकार, प्रसिद्ध लेखक व्हिक्टर ह्यूगो यांचे स्नेही. आई बेल्जियमची, कट्टर कॅथलिक. दोघांचं फारसं पटत नसे. एकुलती एक मुलगी त्या अबोल घरात पुस्तकं आणि नकाशे घेऊन बसायची. पुढे हे कुटुंब ब्रुसेल्सला राहायला गेलं.

या मुलीला लहानपणापासून एकच खोड, घराबाहेर पडायचं. सतराव्या वर्षी तर तिनं कमालच केली. घरी न सांगता आगगाडीनं स्वित्झर्लंड गाठलं आणि तिथून आल्प्स पर्वतातली सेंट गॉथर्ड खिंड एकटीनं पायी ओलांडून इटलीतल्या तळ्यांपर्यंत गेली. जवळचे पैसे संपले तेव्हा घरी कळवावं लागलं आणि आईला तिला आणायला जावं लागलं. आयुष्यातली पहिली खिंड ही अशी ओलांडली, आणि शेवट आईच्या बोलण्याने झाला असणार, हे काय वेगळं सांगायला हवं!

तरुणपणी ती पॅरिसला आली. तिथं गिमे नावाचं पौर्वात्य कलावस्तूंचं संग्रहालय आहे. तिथल्या बुद्धमूर्ती आणि ग्रंथालय यांनी तिला वेड लावलं. संस्कृत शिकावं, बौद्ध धर्म समजून घ्यावा, असं तिच्या मनानं घेतलं. १८९१ मध्ये थोडा वारसा हाती आला. दुसऱ्या कुणी त्या पैशातून दागिने केले असते, घर घेतलं असतं. हिनं बोटीचं तिकीट काढलं आणि श्रीलंकेमार्गे भारतात आली. काशीला गेली, तिथल्या साधुसंन्याशांना भेटली. पैसे संपले तशी परत गेली.

परत गेल्यावर पोटापाण्याचं काय? गळा चांगला होता. ती संगीत नाटकांमध्ये गायिका झाली. व्हिएतनाममधल्या हनोईच्या ऑपेरात तिनं मुख्य गायिका म्हणून काम केलं. १९०० साली ट्युनिसला गेली. तिथं फिलीप नील नावाचा रेल्वेतला इंजिनिअर भेटला. १९०४ मध्ये त्यांचं लग्न झालं. तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती.

आपण म्हणतो ना, लग्न झालं की पाय आपोआप थाऱ्यावर येतात. तिचे आले नाहीत. मोठं घर, नोकरचाकर, समुद्राचा किनारा, सगळं असून ती आजारी पडू लागली. डोकेदुखी, उदासी, कशातच मन लागेना. शेवटी नवऱ्यानंच समजूतदारपणा दाखवला, आणि १९११ च्या ऑगस्टमध्ये ती दीड वर्षासाठी म्हणून पूर्वेकडे निघाली.

ती परतली १९२५ मध्ये. चौदा वर्षांनी!

इथं आमच्या बैठकीत चांगलीच खडाजंगी झाली. एकीनं विचारलं की ही कसली बाई, नवऱ्याला टाकून गेली? दुसरी म्हणाली की गौतम बुद्ध बायकोला आणि तान्ह्या लेकराला झोपेत सोडून गेला, त्याला आपण हात जोडतो, मग हिलाच बोल का? तिसरीचा प्रश्न सगळ्यात व्यवहारी होता. खर्च कोण करत होतं? तर मैत्रिणींनो, खर्च बव्हंशी फिलीपच करत होता. तो पैसे पाठवायचा आणि ती त्याला लांबलचक पत्रं लिहायची. प्रवासातल्या बारीकसारीक गोष्टी, मनातले विचार, सगळं पत्रांतून त्याला कळवायची. हा नवरा कुढला असेल, चिडला असेल, पण त्यानं हात आखडता घेतला नाही. हे ऐकून बैठकीत जी शांतता पसरली ती बरंच काही सांगून गेली.

भारतात आल्यावर ती हिमालयाच्या पायथ्याशी पोचली. १९१२ च्या एप्रिलमध्ये कालिम्पाँगला तिची तेराव्या दलाई लामांशी भेट झाली. ते तेव्हा तिबेटबाहेर आश्रयाला होते. त्यांनी तिला एकच सल्ला दिला, तिबेटी भाषा शीक. तिनं तो शब्दशः मानला.

सिक्कीममध्ये लाचेन गावाजवळ एक वृद्ध साधक राहत. लोक त्यांना गोमचेन म्हणत, म्हणजे मोठा ध्यानी. अलेक्झांड्रा त्यांची शिष्या झाली. १९१४ ते १९१६ या काळात तिनं त्यांच्या जवळच, बारा-तेरा हजार फूट उंचीवर, एका गुहेत मुक्काम केला. गुहेच्या पुढं लाकडाची भिंत घातलेली. हिवाळ्यात बर्फानं वाट बंद व्हायची. अशा ठिकाणी ती तिबेटी भाषा घोकायची, ग्रंथ वाचायची, ध्यान करायची.

तिथं ती आणखी एक विद्या शिकली. तिला 'तुमो' म्हणतात. श्वासावर आणि मनावर ताबा मिळवून अंगात ऊब निर्माण करायची. थोतांड वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण १९८१ साली हार्वर्डच्या डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी ही साधना करणाऱ्या बौद्ध भिक्षूंची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या हातापायांच्या बोटांचं तापमान ८ अंशांपर्यंत वाढल्याचं आढळलं. तेव्हा यात काहीतरी तथ्य आहे. या विद्येचा तिला पुढं उपयोग झाला, तो सांगतेच.

याच काळात तिच्याकडे पंधरा वर्षांचा एक सिक्कीमी मुलगा कामाला आला. त्याचं नाव योंगदेन. कामाला आला तो पुढं शिष्य झाला, सोबती झाला आणि शेवटी तिचा दत्तक मुलगा झाला.

आता तिबेटविषयी थोडं सांगायला हवं. त्या काळी तिबेट परकीयांसाठी बंद होतं. १९०४ मध्ये इंग्रजांची फौज ल्हासापर्यंत जाऊन करार करून आली होती, आणि आपल्या परवानगीवाचून कुणी युरोपियन माणसानं तिकडं फिरकू नये, यावर हिंदुस्थानातल्या इंग्रज सरकारचा कडक डोळा होता. अलेक्झांड्रा १९१६ मध्ये परवानगी न घेताच सीमा ओलांडून शिगात्सेला गेली. तिथल्या ताशिल्हुन्पो मठात पंचेन लामांनी तिचं स्वागत केलं. पण परत आल्यावर चार्ल्स बेल या इंग्रज अधिकाऱ्यानं तिला सिक्कीममधून बाहेर काढलं. एवढंच नाही, तिला जाऊ दिलं म्हणून लाचेनच्या गावकऱ्यांना दंड केला. तिच्या हट्टाची किंमत गरीब गावकऱ्यांनी मोजली, ही गोष्ट चरित्रात वाचताना टोचते आणि ती टोचायलाच हवी.

हिंदुस्थानचा रस्ता बंद झाला. मग दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. ही म्हणाली असेल की पुढचं दार बंद असेल तर मागच्या दारानं जाऊ. योंगदेनला घेऊन ती ब्रह्मदेश, जपान, कोरिया असा वळसा घालून चीनमध्ये पोचली. तिबेटच्या ईशान्य सीमेवर कुंबुम नावाचा मोठा मठ आहे. तिथं तीन वर्षांच्या आसपास राहिली. तिथंही अभ्यास सुरूच. तिथून निघाल्यावर तिबेटच्या पूर्व भागातून आत शिरायचे प्रयत्न झाले. कधी अधिकाऱ्यांनी अडवलं, कधी वाट बदलावी लागली. चीनमध्ये तेव्हा यादवी माजलेली, नवऱ्याचे पैसेही वेळेवर पोचत नव्हते. तंबू, घोडे, नोकर असा लवाजमा घेऊन गेलं की परकी बाई आलीय हे दहा कोसांवरून कळतं, हा धडा ती या सगळ्यातून शिकली.

म्हणून शेवटच्या वेळी तिनं सगळंच टाकून दिलं.

१९२३ च्या ऑक्टोबरची अखेर. चीनच्या युन्नान प्रांतात, मेकाँग नदीच्या खोऱ्यात एक ख्रिस्ती मिशनरी राहत होते. त्यांच्याकडे ती पाहुणी म्हणून उतरली आणि आठवडाभर झाडंझुडपं गोळा करायला जातो असं सांगून योंगदेनसोबत बाहेर पडली. दोन हमाल घेतले होते. पुढं त्यांनाही काहीतरी निमित्त काढून परत पाठवलं. आता दोघंच. योंगदेन गरीब लामा, आणि ती त्याची म्हातारी आई. तिबेटात भीक मागत पायी तीर्थयात्रा करणाऱ्यांना 'आर्जोपा' म्हणतात. तसे हजारो लोक वाटेवर असत, त्यामुळे त्यांच्याकडं कुणी वळून बघत नसे. आपल्याकडं आषाढीच्या दिवसांत पंढरीच्या वाटेवर एक म्हातारी आणि तिचा मुलगा चालताना दिसले तर कोण चौकशी करतं? तसंच.

वेष कसा घेतला, हे ऐकताना आमच्या बायकांचे डोळे चमकले. केसांना काळी चिनी शाई, त्यात याक बैलाच्या केसांचं गंगावन. अंगावर जाडाभरडा झगा. चेहऱ्याला काजळी. हात गोरे दिसायला लागले की स्वयंपाकाच्या भांड्याच्या बुडाला हात घासायचे, झाले काळे! जगातल्या सगळ्या बाया ज्या काजळीला वैतागतात, तिनं त्या बाईला ल्हासापर्यंत पोचवलं. झग्याच्या आत कमरेला पैसे बांधलेले, छोटं होकायंत्र आणि एक पिस्तूल. बाकी सामान म्हणजे एक भांडं, थोडं पीठ, चहा आणि लोणी.

पहिली मोठी परीक्षा होती दोकार ला. तिबेटी भाषेत 'ला' म्हणजे खिंड. ही खिंड साधारण १४,५०० फूट उंचीवर, खावा कार्पो या पवित्र पर्वताच्या परिक्रमेच्या वाटेवर आहे. आपण जशी नर्मदा परिक्रमा करतो तशी तिबेटी माणसं या पर्वताची परिक्रमा करतात. खिंडीच्या माथ्यावर प्रार्थनेच्या पताका लावलेल्या असतात. पलीकडे उतरलं की तिबेट. ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून ही दोघं सुरुवातीला रात्री चालायची आणि दिवसा झाडीत लपून झोपायची.

इतक्या उंचीवर चालणं म्हणजे काय असतं, ते नीट समजून घ्यायला हवं. तिथं हवा विरळ. एका श्वासात जेवढा प्राणवायू आपल्याला इथं मिळतो, त्याच्या जेमतेम साठ टक्के तिथं मिळतो. दहा पावलं टाकली की धाप लागते. डोकं दुखतं, भूक मरते, झोप लागत नाही. हळूहळू सवय केली नाही तर जिवावर बेततं. आणखी एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली. उंचावर पाणी लवकर उकळतं, म्हणजे शंभर अंशांच्या बरंच आधी, ८५ अंशांच्या आसपासच. वाफा दिसतात पण डाळ शिजत नाही. म्हणून तिबेटी माणसाचं मुख्य अन्न 'त्साम्पा', म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ. लोणी घातलेल्या खारट चहात कालवायचं आणि खायचं. आपल्या सातूच्या पिठासारखंच. शिजवायची गरजच नाही. तिथली ही युक्ती किती शहाणपणाची आहे बघा.

पुढं ल्हासाला जायला रुळलेली वाट होती, पण तिथं अधिकारी भेटण्याची भीती. म्हणून अलेक्झांड्रानं पो नावाच्या प्रदेशातून जाणारी, नकाशात नीट न दाखवलेली वाट धरली. ऐन हिवाळा. वाटेत उंच खिंडी. धोका असा की एक खिंड ओलांडून गेल्यावर मागं बर्फ पडून ती बंद झाली आणि पुढचीही बंद असली, तर मधल्या खोऱ्यात उपासमारीनं मरायचं. हे माहीत असून ती गेली.

पहिल्या खिंडीवर बर्फ इतका की काठीनं चाचपडत पाऊल टाकावं लागत होतं. दिवस मावळला, चंद्र उगवला, तरी थांबायला जागा नाही. थांबलं की गोठायचं. तब्बल १९ तास दोघं न थांबता, अन्नाचा कण न खाता चालत राहिली. रात्री दोनच्या सुमारास झाडीजवळ पोचली. आता शेकोटी पेटवायची तर चकमक ओली झालेली. ठिणगी पडेना. योंगदेन थंडीनं काकडलेला. तेव्हा तिनं त्याला लाकडं गोळा करायला पाठवलं, चकमक झग्याच्या आत छातीशी धरली आणि गुहेत शिकलेली 'तुमो' करायला बसली. अंगात ऊब आली, त्या उबेनं चकमक सुकली आणि ठिणगी पडली. योंगदेन परत आला तेव्हा जाळ पेटलेला होता.

मैत्रिणींनो, मला या सगळ्या चरित्रात हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. त्या रात्री तिला वाचवलं ते आठ-नऊ वर्षांपूर्वी शिकलेल्या गोष्टीनं. गुहेत बसून ती जेव्हा हे शिकत होती तेव्हा कुणाला वाटलं असेल की याचा उपयोग काय? भाषेचंही तसंच. वाटेत कुणी काही विचारलं की तिला खेडवळ तिबेटीत उत्तर देता यायचं, म्हणून तर वेष टिकला. धाडस एका दिवसात येत नाही. ते वर्षानुवर्षं, मूठ मूठ साठवावं लागतं. बचत गटात आपण दर महिन्याला पैसे टाकतो ना, तसं.

संकटं मात्र संपली नव्हती. पुढं बर्फात योंगदेन घसरून पडला आणि त्याचा पाय मुरगळला. त्याला चालता येईना. हिनं त्याला पाठीवर घ्यायचा प्रयत्न केला, पण जमेना. मग कसाबसा काठीच्या आणि तिच्या आधारानं तो लंगडत चालला. पीठ संपलं. तो नाताळचा सुमार होता. भूक असह्य झाली तेव्हा योंगदेनला आठवलं की बुटांच्या तळव्यांना चोळायला ठेवलेला डुकराच्या चरबीचा तुकडा आणि बूट शिवून उरलेलं कातडं पिशवीत आहे. ते पाण्यात उकळून दोघांनी ते कढण प्यायलं. पॅरिसच्या त्या गायिकेचा तो सणाचा फराळ!

पो प्रदेशात लुटारूंचा सुळसुळाट. एका ठिकाणी काही जणांनी योंगदेनकडचे पैसे काढून घेतले आणि आता पिशव्या उघडणार, एवढ्यात हिनं आरडाओरडा करून रडायला सुरुवात केली आणि तिबेटी देवतांची एकेक भयंकर नावं घेऊन शापवाणी उच्चारली. पिशव्यांत परदेशी वस्तू होत्या, त्या दिसल्या असत्या तर सगळं संपलं असतं. ते धटिंगण इतके घाबरले की त्यांनी पैसे परत दिले आणि आशीर्वाद मागितला. हा प्रसंग सांगितला तेव्हा आमच्या गटातल्या मावशी पहिल्यांदा खळखळून हसल्या. कुठं पिस्तूल काढायचं आणि कुठं अंगात आल्यासारखं करायचं, हे बाईला बरोब्बर कळतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

चार महिन्यांच्या पायपिटीनंतर, १९२४ च्या सुरुवातीला, दोघं ल्हासाला पोचली. शहराजवळ येताच धुळीचं मोठं वादळ उठलं, आणि त्या धुळीत कुणाचं लक्ष जाण्याआधीच ती आत शिरली. राहायचं कुठं, या विचारात असताना एका अनोळखी बाईनं आपणहून गरिबांच्या वस्तीतली एक खोली दाखवली. त्या खोलीतून पोटाला राजवाडा दिसत होता. तिबेटी नववर्षाचा उत्सव जवळ आला होता, शहर यात्रेकरूंनी फुललेलं. दोन महिने ती तिथं राहिली. पोटालाही आतून पाहून आली. तिथं दारावरच्या मुलानं टोपी काढायला लावली, तेव्हा केसांची शाई उडालेली होती, तरी कुणाला संशय आला नाही. बाजारात चुकीच्या जागी उभी राहिली म्हणून पोलिसानं दंडुका मारला. तिला त्याचा आनंदच झाला, कारण आपण आता अगदी इथलीच दिसतो याची ती पावती होती!

ल्हासाला पोचलेली ती पहिली युरोपियन स्त्री मानली जाते. वय पंचावन्न.

परतताना ती ग्यान्त्सेला इंग्रजांच्या ठाण्यात उघडपणे गेली, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. अंगाचा नुसता सापळा उरला होता. १९२५ मध्ये ती फ्रान्सला पोचली. १९२७ मध्ये तिचं ल्हासा प्रवासाचं पुस्तक आलं आणि तिचं नाव जगभर झालं. फ्रान्सनं तिला मानाचं पदक दिलं. दीन्य नावाच्या गावात १९२८ मध्ये तिनं घर घेतलं. त्याचं नाव ठेवलं 'साम्तेन झोंग', म्हणजे ध्यानाचा किल्ला. १९२९ मध्ये योंगदेनला कायद्यानं दत्तक घेतलं.

फिलीप आणि तिचा संसार मात्र पुन्हा उभा राहिला नाही. पत्रांतून मैत्री तेवढी टिकली. १९३७ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षाकडे झुकताना, ती पुन्हा चीनला गेली आणि तिथं युद्धात अडकली. १९४१ मध्ये फिलीप गेला तेव्हा ती हजारो मैल दूर होती. १९४६ मध्ये परतली. १९५५ मध्ये योंगदेनही तिच्याआधी गेला. त्यानं आपलं गाव, आपली माणसं, सगळं तिच्यासाठी सोडलं होतं. खिंडीत मुरगळलेल्या पायानं चालणारा तो, आणि पुस्तकावर मोठं नाव तिचं. या बाईला देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. ती हट्टी होती, आपल्या माणसांना राबवणारी होती. पण कुठल्याही कर्तबगार पुरुषाचं चरित्र लिहिताना त्याच्यामागं कोण कोण राबलं हे आपण किती वेळा विचारतो? हिच्याबाबतीत विचारलं, म्हणून मला वाटतं पुढं सगळ्यांच्याच बाबतीत विचारायची सवय लावावी.

संधिवातानं पाय गेले, तरी ती लिहीत राहिली. शंभरी गाठल्यावर तिनं काय केलं असेल? पासपोर्टचं नूतनीकरण करून घेतलं! ८ सप्टेंबर १९६९ रोजी, एकशे एकावा वाढदिवस दीड महिन्यावर आला असताना, ती गेली. तिची आणि योंगदेनची रक्षा १९७३ च्या फेब्रुवारीत काशीला आणून गंगेत सोडली. तरुणपणी बोटीचं तिकीट काढून आलेली पोरगी शेवटी आपल्याच गंगेत विसावली.

गोष्ट संपली तेव्हा बैठकीत कुणी बोलेना. मावशींनीच तोंड उघडलं. त्यांनी विचारलं की त्या बाईनं आधी किती वर्षं तयारी केली? मी हिशेब करून सांगितलं की गुहेत राहायला गेल्यापासून ल्हासाला पोचेपर्यंत दहा वर्षं. मावशींनी मान हलवली. म्हणाल्या की मग मला एक वर्ष तरी द्या.

आता त्या रोज पहाटे सूर्य उगवायच्या आत कयाधूच्या बाजूला चालून येतात. सुरुवातीला अर्धा तास, आता एक तास. डॉक्टरांना गुडघे दाखवले, रक्तदाब तपासला. उंचावर जायचं तर हळूहळू जायचं, मध्ये मुक्काम करत, भरपूर पाणी पीत, आणि श्वासाला त्रास झाला तर हट्ट न करता खाली उतरायचं, हे मी त्यांना लिहून दिलंय. त्यांना वाचता येतं, सावकाश. पैशांचा वेगळा डबा केलाय. परवा सून त्यांच्यासाठी जाड पायमोजे घेऊन आली, काही न बोलता.

मावशींना पुढच्या वर्षी जायला जमेल की नाही, मला ठाऊक नाही. गुडघे, घर, पाऊसपाणी, हजार गोष्टी आहेत. पण आमच्या गटात आता 'या वयात' हे दोन शब्द कुणी उच्चारत नाही. तुमच्याही घरात एखादी अशी मावशी, आत्या, सासू असेल, किंवा आरशात दिसत असेल. तिला तिची खिंड कोणती आहे ते विचारून बघा. आणि विचारलंत, तर मग थोडे पायमोजेही घेऊन द्या.